तुलना करा (४ गुण)

माझा एक मित्र फ्लोरिडात, टँपाला राहतो. त्याची मुलगी सातवीत आहे. परवा रविवारी नेहमीप्रमाणे फोन झाला तेव्हा वडिलांच्या हातातून फोन घेऊन तिने मला गृहपाठातला प्रश्न विचारला. शाळेतून एक तक्ता भरून आणायला सांगितला होता. डावीकडे शासनपद्धतींची नावं : थेट लोकशाही, प्रातिनिधिक लोकशाही, राजेशाही, मूठभरांची सत्ता, एकट्याची हुकूमशाही, समाजवाद, साम्यवाद. उजवीकडे प्रत्येकीची व्याख्या आणि एकेका देशाचं उदाहरण.

"काका, इंग्लंड कुठे टाकू? तिथे किंग आहे ना?"

मी म्हटलं, दोन्हीकडे टाक. राजाही आहे आणि लोकशाहीही आहे.

"दोन्हीकडे चालत नाही. एकाच बॉक्समध्ये लिहायचंय."

(अमेरिकेत सगळं एकाच बॉक्समध्ये लिहायचं असतं. विमानतळावरच्या फॉर्मवरसुद्धा. पण तो वेगळा विषय झाला.)

फ्लोरिडात सातवीच्या सगळ्या मुलांना हे करावं लागतं. २०१० साली तिथल्या विधिमंडळाने एक कायदा केला आणि त्याला सँड्रा डे ओ'कॉनर यांचं, म्हणजे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्तींचं नाव दिलं. त्या कायद्याने सातवीत नागरिकशास्त्र आणि वर्षाच्या शेवटी राज्याची परीक्षा आली. विषयाच्या एकूण गुणांपैकी ३० टक्के त्या परीक्षेचे. त्या अभ्यासक्रमात दोन ओळी होत्या. एक, शासनाच्या वेगवेगळ्या प्रकारांची तुलना करा. दोन, संसदीय, संघराज्य, सैल राज्यसंघ आणि एकात्म राज्य या रचनांची तुलना करा.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? आपल्याकडेही नागरिकशास्त्र होतंच की, इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटीला जोडलेलं. खरं आहे. पण फ्लोरिडात या साध्या दिसणाऱ्या ओळीला एक इतिहास आहे, आणि तो शोधत गेलो तर मी फ्लोरिडाहून न्यूयॉर्कला आणि तिथून थेट आपल्या घटना समितीत पोचलो.

या तक्त्याचे आजोबा म्हणजे १९६१ सालचा फ्लोरिडाचा एक कायदा. अभ्यासक्रमाचं नाव होतं 'अमेरिकनिझम व्हर्सेस कम्युनिझम'. नावातच 'विरुद्ध' आहे हे लक्षात घ्या. राज्यातल्या प्रत्येक सरकारी हायस्कूलमध्ये निदान ३० तास हा विषय शिकवायचा, अशी सक्ती.

त्या कायद्याचा मजकूर मी मुळातून वाचला आणि दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा विश्वास बसेना. कायदा आधी सांगतो की हा अभ्यासक्रम म्हणजे तुलनात्मक शासनपद्धतींची ओळख असेल. हेच शब्द. आणि त्याच वाक्यात पुढे म्हणतो की, अमेरिकेची मुक्त स्पर्धेची अर्थव्यवस्था ही पृथ्वीवरच्या दुसऱ्या कुठल्याही पद्धतीपेक्षा जास्त पगार, वरचं राहणीमान आणि जास्त व्यक्तिस्वातंत्र्य देते यावर भर द्यावा. साम्यवादाचे धोके, दुष्टपणा, त्यातल्या चुका आणि त्याच्याशी लढायचे मार्ग यांवर विशेष जोर द्यावा. कोणत्याही शिक्षकाने किंवा पुस्तकाने साम्यवाद हा अमेरिकेच्या पद्धतीपेक्षा बरा आहे असं मांडता कामा नये. संदर्भासाठी काय वापरायचं तेही सांगितलंय : अमेरिकन काँग्रेसच्या ज्या समित्या कम्युनिस्टांच्या चौकश्या करत होत्या त्यांचे अहवाल.

आपल्याकडे बारावीच्या प्रॅक्टिकलला लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायचं असतं. उत्तर ९.८ यायला हवं हे सगळ्यांना माहीत असतं. मग काही हुशार मुलं आधी ९.८ लिहितात आणि उलटा हिशेब करून रीडिंग भरतात. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने तेच केलं, फक्त कायदा करून केलं.

आता थोडं त्यांच्या बाजूनेही बघायला हवं. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या की वेस्टपासून क्यूबा फक्त ९० मैल. १९५९ साली तिथे कॅस्ट्रो आला. एप्रिल १९६१ मध्ये 'बे ऑफ पिग्ज'ची मोहीम फसली. १९६० ते १९६२ या काळात सुमारे १४,००० क्यूबन मुलं आईवडिलांशिवाय, एकेकटी विमानाने मायामीला आली, कारण मुलगा कॅस्ट्रोच्या शाळेत वाढण्यापेक्षा परक्या देशात अनोळखी लोकांत वाढलेला बरा असं त्यांच्या आईवडिलांना वाटलं. हा अभ्यासक्रम १९६२-६३ च्या शैक्षणिक वर्षात वर्गात आला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात क्यूबातल्या क्षेपणास्त्रांचा पेच उभा राहिला. ज्या वर्गात मुलं साम्यवादावरचं पुस्तक वाचत होती त्याच्या खिडकीबाहेरून लष्कराच्या गाड्या दक्षिणेकडे चालल्या होत्या. अशा वेळी 'दोन्ही बाजूंचा समतोल विचार करा' असं सांगणं सोपं नसतं. शिवाय स्टालिनच्या छावण्या, रशियातले दुष्काळ, हंगेरीत १९५६ साली घुसलेले रणगाडे हे काही कुणी मनाने रचलेलं नव्हतं. साम्यवादाच्या चौकटीत कायद्याने जे लिहायला लावलं त्यातलं बरंचसं खरं होतं.

घोटाळा दुसऱ्या चौकटीत होता. तिथे काय लिहायचं तेही आधीच ठरलेलं होतं.

१९६१ सालचं फ्लोरिडा म्हणजे काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या बहुतेक शाळा वेगळ्या असलेलं राज्य. सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच अशा शाळा बेकायदा ठरवल्या होत्या, तरीही. याच राज्यात मिम्स नावाच्या छोट्या गावात हॅरी मूर आणि त्यांची पत्नी हॅरिएट हे दोघे शिक्षक होते. काळ्या लोकांची मतदार यादीत नावं नोंदवायची आणि काळ्या शिक्षकांना गोऱ्यांइतका पगार मागायचा, हे मूर यांचं काम. १९४६ साली दोघांचीही नोकरी गेली. १९५१ च्या नाताळच्या रात्री त्यांच्या घराखाली बॉम्ब फुटला. त्या दिवशी त्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. मूर दवाखान्यात नेताना वारले, हॅरिएट नऊ दिवसांनी. या खुनांसाठी कुणाला कधीच शिक्षा झाली नाही. याच राज्याच्या विधिमंडळाची एक चौकशी समिती १९५६ पासून नऊ वर्षं समान हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांच्या सदस्यांच्या याद्या मागत होती, विद्यापीठांतल्या समलिंगी प्राध्यापकांना शोधून काढत होती, आणि हे सगळं कम्युनिस्ट घुसखोरी शोधण्याच्या नावाखाली. आणि जून १९६४ मध्ये, म्हणजे अभ्यासक्रम सुरू होऊन दुसरं वर्ष संपलं तेव्हा, सेंट ऑगस्टीन गावात एका हॉटेलात जेवायला बसू द्या म्हटलं म्हणून मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली.

अशा राज्यात काळ्या मुलांच्या शाळेतला एखादा सतरा वर्षांचा मुलगा ते ३० तास बसला असेल. पृथ्वीवर सगळ्यात जास्त व्यक्तिस्वातंत्र्य कुठे आहे, या प्रश्नाचं उत्तर त्याने पेपरात काय लिहिलं असेल ते आपण ओळखू शकतो. पास तर व्हायचं होतं.

हा विषय पुढे काही दशकांनी फ्लोरिडाच्या कायद्यातून गेला. आणि आता परत आला आहे. २०२१ साली हायस्कूलच्या अभ्यासक्रमात स्वातंत्र्य आणि लोकशाहीच्या तत्त्वांशी विसंगत अशा साम्यवाद आणि सर्वंकष सत्तावादाची तुलनात्मक चर्चा घालणारा कायदा झाला. २०२२ साली ७ नोव्हेंबर हा साम्यवादाच्या बळींचा दिवस ठरला, त्या दिवशी निदान ४५ मिनिटं तो विषय. २०२४ साली आणखी एक कायदा होऊन साम्यवादाचा इतिहास अगदी खालच्या वर्गांपासून शिकवायचा ठरला, २०२६-२७ पासून. मायामीत आज क्यूबा, व्हेनेझुएला आणि निकाराग्वातून आलेली इतकी कुटुंबं आहेत की या कायद्यांना तिथे मनापासून पाठिंबा आहे, तो खोटा नाही. मित्राच्या मुलीच्या वर्गात एक व्हेनेझुएलाची मुलगी आहे. तिला हुकूमशाहीच्या चौकटीत काय लिहायचं ते विचारावं लागलं नाही.

सगळीकडे असंच शिकवतात असंही नाही. १९८७ पासून हायस्कूलच्या हुशार मुलांसाठी तुलनात्मक शासनाची एक देशव्यापी परीक्षा आहे, कॉलेजच्या दर्जाची. तिच्यात सध्या सहा देश आहेत : ब्रिटन, रशिया, चीन, इराण, मेक्सिको आणि नायजेरिया. अमेरिका तिथे नाही, तिच्यासाठी वेगळा पेपर. भारत पूर्वी ऐच्छिक देशांत होता, नंतर इराण आला आणि भारत गेला. म्हणजे इथे वाढणारी मराठी मुलं इराणच्या पालक मंडळाची रचना तोंडपाठ सांगतात आणि आपल्या राज्यसभेचं काम काय ते त्यांना आजोबांना विचारावं लागतं. पण पेपर चांगला असतो. उत्तर आधी ठरलेलं नसतं, आणि ब्रिटनलाही तेवढ्याच खोचक प्रश्नांना सामोरं जावं लागतं.

अमेरिकेत ही तुलना मुळात आली कुठून? सुरुवात फार चांगली होती. १७८६ साली जेम्स मॅडिसन व्हर्जिनियातल्या आपल्या घरी पुस्तकांच्या ढिगात बसला होता. जेफरसन तेव्हा पॅरिसला वकील होता, त्याने तिथून ती पाठवली होती. तेरा राज्यांचा जो सैल संघ होता तो मोडकळीला आला होता. मॅडिसनने प्राचीन ग्रीसमधले संघ, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, जर्मन साम्राज्य अशा एकेकाचं टिपण काढलं. रचना काय, केंद्राचे अधिकार किती, आणि प्रत्येकाच्या शेवटी : यात बिघाड कुठे झाला. इंजिनिअर ज्याला फेल्युअर अ‍ॅनालिसिस म्हणतो तेच. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाला घटना लिहायला बसले तेव्हा ही टिपणं त्याच्याजवळ होती. त्याला पास व्हायचं नव्हतं, त्याला निवड करायची होती. (त्याच माणसाच्या शेतावर गुलाम राबत होते हेही सांगायला हवं. ती चौकट टिपणांत नव्हती.)

मग शंभर वर्षांनी हा विषय विद्यापीठांत गेला. जॉन बर्जेस नावाचे प्राध्यापक जर्मनीत शिकून आले आणि १८८० साली त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात राज्यशास्त्राचं पदव्युत्तर विद्यालय काढलं. १८९० साली त्यांचा तुलनात्मक घटनाशास्त्रावरचा दोन खंडांचा ग्रंथ आला. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स या चार देशांची तुलना. खोल आणि जाडजूड. आणि निष्कर्ष? राज्य चालवण्याची खरी प्रतिभा ट्यूटन वंशाच्या लोकांत असते, आणि ज्यांना ती नाही त्यांच्यावर राज्य करणं हे या लोकांचं कर्तव्यच आहे. चार देश निवडतानाच उत्तर निघालेलं होतं.

त्याच पिढीतले दुसरे प्राध्यापक वुड्रो विल्सन. हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टर झाले. पीएचडी असलेले आजवरचे एकमेव अमेरिकन अध्यक्ष, त्यामुळे आम्हा पीएचडीवाल्यांना त्यांच्याबद्दल उगाच आपुलकी असते. त्यांचं १८८५ सालचं पहिलं पुस्तक अमेरिकन काँग्रेसवर होतं आणि त्यात ब्रिटिश संसदेपुढे अमेरिकेची पद्धत कशी तोकडी पडते ते त्यांनी धडधडीत लिहिलं होतं. तेव्हा ते तिशीतही नव्हते. १८८९ साली त्यांनी ग्रीस-रोमपासून स्वित्झर्लंड, स्वीडन-नॉर्वेपर्यंतच्या शासनांची तुलना करणारं पाठ्यपुस्तक लिहिलं. आपल्या देशाची चौकट उघडी ठेवून लिहिणारा माणूस. पण मार्च १९१३ मध्ये हेच विल्सन अध्यक्ष झाले आणि त्या वर्षातच त्यांच्या मंत्र्यांनी वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या आणि गोऱ्या कारकुनांना वेगळं बसवायला सुरुवात केली. विल्सन यांनी ते चालू दिलं, वर समर्थनही केलं.

त्याच १९१३ च्या जुलै महिन्यात बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन एक बावीस वर्षांचा विद्यार्थी न्यूयॉर्कला उतरला आणि बर्जेस यांनी काढलेल्या त्या विद्यालयात दाखल झाला. बर्जेस वर्षभर आधीच निवृत्त झाले होते. विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांच्या कोलंबियातल्या दिवसांवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, ते परत सांगत नाही. मला फक्त त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी दाखवायची आहे. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. राज्यशास्त्राचे फक्त ३. शिवाय फ्रेंच आणि जर्मन एकेक. पुढे ज्यांनी आपल्या घटनेचा मसुदा घटना समितीपुढे ठेवला त्यांनी अमेरिकेत राज्यशास्त्र जवळजवळ शिकलंच नाही!

पण त्या यादीत जॉन ड्युई आहेत. लोकशाही म्हणजे केवळ सरकार चालवायची पद्धत नसून माणसांनी एकत्र जगण्याची रीत आहे, हा ड्युई यांचा विचार. त्यांचं लोकशाही आणि शिक्षण यांवरचं पुस्तक १९१६ साली आलं, त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले. वीस वर्षांनी, १९३६ साली, जातिनिर्मूलनावरचं न झालेलं भाषण त्यांनी छापलं त्यात हा विचार ड्युई यांचं ऋण मान्य करून आला आहे. ज्याला गावातल्या विहिरीवर पाणी भरता येत नाही त्याला राजेशाही आणि प्रजासत्ताक यांतला फरक पुस्तकातल्या चौकटीत सांगून काय उपयोग? ही अडचण बर्जेस यांना कधी पडली नसती.

आता १९४८ मध्ये या. आपल्या घटना समितीत तुलनेचा अभ्यास आधीपासून जोरात चालला होता. सल्लागार बी. एन. राव यांनी देशोदेशींच्या घटनांतल्या तरतुदींच्या पुस्तिका काढून सदस्यांना वाटल्या होत्या. मार्च १९४७ मध्ये त्यांनी एक प्रश्नावली पाठवली. राष्ट्रप्रमुख कसा निवडायचा, मंत्रिमंडळ कुठल्या धर्तीवर, सभागृह एक की दोन, आणि सोबत इतर देशांत काय करतात त्याची टिपणं. त्याच वर्षाच्या अखेरीस राव स्वतः अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ब्रिटन फिरून तिथल्या न्यायमूर्तींना भेटून आले. मॅडिसनच्या टिपणांची ही आपली आवृत्ती.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकर मसुदा मांडायला उभे राहिले. त्या दिवशीचं भाषण मी पहिल्यांदा पूर्ण वाचलं ते इथे आल्यावर, विद्यापीठाच्या ग्रंथालयात. तोपर्यंत मला वाटत होतं की ते एक मोठं, गंभीर, थोडं कंटाळवाणं भाषण असेल. ते चक्क वर्गातलं शिकवणं आहे. (ते मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यही होते, ते दिसतं.) आधी अमेरिकेचा अध्यक्ष आणि आपला राष्ट्रपती, दोघांचं नाव इंग्रजीत एकच, पण काम किती वेगळं ते सांगतात. आपला राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा, राष्ट्राचं प्रतीक, कारभार मंत्रिमंडळाचा. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः कारभारी, आणि त्याला काँग्रेस एरवी घालवू शकत नाही.

मग मुख्य मुद्दा. लोकशाही सरकारला दोन गोष्टी लागतात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकन पद्धत स्थैर्य जास्त देते, ब्रिटिश पद्धत जबाबदारी जास्त देते. अमेरिकेत सरकारची परीक्षा ठरावीक वर्षांनी निवडणुकीत होते. संसदीय पद्धतीत ती निवडणुकीत होतेच, शिवाय रोज होते. प्रश्न विचारून, ठराव आणून, तहकुबी मांडून, अविश्वास दाखवून. मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे. म्हणजे त्यांनी कुठल्या पद्धतीला चांगलं आणि कुठल्या पद्धतीला वाईट म्हटलंच नाही. या पद्धतीत हे मिळतं, त्याची किंमत अशी पडते, आणि आम्ही ही किंमत द्यायची ठरवली आहे. बस.

हे किती अचूक होतं ते दोन्ही देशांत राहून कळतं. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. तेव्हा मी शाळेत होतो, पण घरातले सगळे टीव्हीपुढे श्वास रोखून बसले होते ते आठवतं. हीच ती रोजची परीक्षा. आणि १ ऑक्टोबर २०२५ रोजी इथे अमेरिकेत खर्चाचं विधेयक अडलं आणि सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प झालं. लाखो कर्मचारी बिनपगारी, विमानतळावर रांगा, आणि सरकार? ते जागच्या जागी. ना अध्यक्ष गेला, ना काँग्रेस. माझे भारतातले मामा रोज फोनवर विचारायचे, "अरे, मग सरकार पडणार कधी?" मामा, इथे सरकार पडत नाही. पैसे संपले तरी पडत नाही. आपल्याकडे अर्थविधेयक नामंजूर झालं तर पंतप्रधान दुसऱ्या दिवशी माजी. यालाच स्थैर्य म्हणतात, आणि त्याची किंमत अशी.

त्या भाषणात आणखी एक जागा आहे. घटनेत कारभाराचे इतके बारीकसारीक तपशील कशाला, या आक्षेपाला उत्तर देताना बाबासाहेब म्हणतात की घटनेचं रूप जसंच्या तसं ठेवून, फक्त कारभाराची रीत बदलून घटनेचा आत्मा मारता येतो. भारतातली लोकशाही ही मुळात लोकशाहीविरोधी असलेल्या जमिनीवरचा वरवरचा थर आहे, हेही तिथेच. फ्लोरिडाच्या तक्त्यात या गोष्टीला चौकटच नाही. तिथे देश एकदा लोकशाहीच्या रकान्यात लिहिला की लिहिला. मूर पतिपत्नी ज्या राज्यात राहत होते ते त्या तक्त्यात कायम लोकशाहीतच राहिलं असतं.

घटना समितीत सगळ्यांना बाबासाहेबांचं म्हणणं पटलं असं नाही. अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी लोकांनी थेट निवडलेला राष्ट्रपती आणि सत्तेची स्पष्ट विभागणी यांसाठी दुरुस्त्या मांडल्या, नेटाने लढवल्या आणि हरले. पण तो प्रश्न मेला नाही. १९८० च्या दशकात आपल्या वसंत साठ्यांनी अध्यक्षीय पद्धत आणा म्हणून उघडपणे मोहीम चालवली होती. माझे आजोबा त्यावर तावातावाने वाद घालायचे, असं आई सांगते. साठे हरले, आजोबा खूश झाले.

गंमत अशी की दिल्लीत जो प्रश्न १९४८ सालीच सुटला तो महाराष्ट्रात गावोगाव अजून चालू आहे. नगराध्यक्ष नगरसेवकांनी निवडायचा की लोकांनी थेट? नगरसेवकांनी निवडला तर तो छोटा पंतप्रधान, बहुमत गेलं की गेला. लोकांनी निवडला तर छोटा अमेरिकन अध्यक्ष. २०१६ साली थेट निवड आली. २०२० साली नव्या सरकारने ती रद्द केली. २०२२ साली आणखी नव्या सरकारने परत आणली. सरपंचांचंही तेच, २०१७ ला थेट, २०२० ला बंद, २०२२ ला परत थेट. प्रत्येक वेळी कारण लोकशाही बळकट करण्याचंच दिलं गेलं, आणि प्रत्येक वेळी पक्षांनी आपापला हिशेब केला. पण हिशेब बाजूला ठेवला तरी प्रश्न खरा आहे. थेट निवडलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, अशी गावं २०१६ नंतर बरीच झाली. तिथे गटारीचा साधा ठराव कसा अडतो ते तिथल्या लोकांना विचारा. वॉशिंग्टनला जे ४३ दिवस चाललं तेच, फक्त छोट्या प्रमाणावर. आणि जुन्या पद्धतीत अध्यक्षपदासाठी नगरसेवकांना सहलीला कुठे कुठे नेऊन ठेवायचे तेही त्यांना विचारा.

टँपाच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही, तिला दुसऱ्या दिवशी तक्ता द्यायचा होता. पण आपल्याकडे सातवी-आठवीला शिकवणारं कुणी हे वाचत असेल तर एक सुचवतो. ब्रिटन आणि अमेरिका राहू द्या. आपल्याच गावाचे मागचे तीन नगराध्यक्ष घ्या, किंवा सरपंच. कोण थेट आला, कोण सदस्यांतून आला, कुणाला मधेच जावं लागलं आणि का, कुणाच्या काळात काय अडलं आणि काय झालं, एवढं मुलांना घरी विचारून आणायला सांगा. वर्गात प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, कारण प्रत्येकाच्या घरचा पक्ष वेगळा. मग गुण कसे द्यायचे, ते मात्र तुमचं तुम्ही बघा.